कातर लावण्याआधी कागद मोजा

शिवणकाम करणाऱ्या बायका ज्याला पेपर कटिंग म्हणतात, ते तुम्ही पाहिले असेल. ब्लाऊजचा पुढचा भाग, पाठ, बाही असे एकेक तुकडे कागदावर काढतात. ते कापडावर ठेवतात. खडूने कडेने रेघ मारतात आणि मग कातर चालवतात. पूर्वी हे कागद शिवणवर्गात बसून, टेपने मापे घेऊन, खाकी कागदावर हाताने काढावे लागत. आजही पुष्कळ जणी तसेच काढतात.

आता दुसरीही सोय झाली आहे. मोबाइलवर तयार पेपर कटिंग मिळते. मुंबईची भाची ते पाठवते, नाहीतर कोणी आपणच शोधून काढते. मग नांदगाव तिठ्यावर किंवा कणकवलीच्या बाजारात जायचे, झेरॉक्सच्या दुकानातून ते छापून आणायचे, घरी येऊन कापायचे. आखणीचा सगळा खटाटोप वाचला.

सोय चांगली आहे. पण तिच्यात एक खोच आहे. ती कळली नाही तर कापड वाया जाते. आणि कापड बहुतेक वेळा दुसऱ्याचे असते.

समजा, नांदगावातल्या एका वहिनींकडे शेजारणीने ब्लाऊज शिवायला टाकला. छातीचा घेर ३६ इंच. वहिनींनी मोबाइलवरून ३६ मापाचे पेपर कटिंग छापून आणले. कागदावर ३६ हा आकडा ठळक छापलेला आहे. वहिनींनी कापले, शिवले, हुका लावल्या. शेजारणीने घालून पाहिले आणि म्हणाली, "वयनी, ह्यो माका होणा नाय."

वहिनींचा हात चुकला नाही. रेघ सोडून कातर गेली नाही. शिलाई सरळ आहे. मग चूक कोठे झाली? चूक कापडाच्या आधीच, कागद छापताना झाली. कागदावर आकडा ३६ राहिला, पण चित्र मात्र ३४ चे झाले. आकडा काही आखडत नाही. चित्र आखडते.

हे कसे होते ते नीट पाहू.

झेरॉक्सच्या दुकानात जो पांढरा कागद वापरतात, त्याला ए-फोर म्हणतात. त्याची रुंदी २१० मिलिमीटर आणि उंची २९७ मिलिमीटर असते. म्हणजे २१ सेंटिमीटर आणि जवळजवळ ३० सेंटिमीटर. आपल्याकडे हाच कागद चालतो. पण अमेरिकेत हा कागद रोजच्या वापरात नाही. तिथे लेटर नावाचा कागद चालतो. तो साडेआठ इंच रुंद आणि ११ इंच उंच असतो. मिलिमीटरमध्ये सांगायचे तर २१६ आणि २७९. दोन्ही कागद एकमेकांवर ठेवून पाहिले तर लेटर कागद आडवा थोडा जास्त भरतो, आणि उभा पावणेदोन सेंटिमीटर कमी पडतो. दुरून पाहिले तर फरक कळायचाही नाही.

मोबाइलवर मिळणारी पुष्कळशी पेपर कटिंगे अमेरिकेत तयार होतात. ती लेटर कागदासाठी आखलेली असतात. उलटही होते. कटिंग ए-फोरसाठी आखलेले असते, पण दुकानातल्या संगणकावर कागदाचे नाव लेटर असे लावून ठेवलेले असते. संगणकात ते पहिल्यापासून तसेच आलेले असते आणि ते बदलायचे कोणाच्या लक्षात येत नाही. मग संगणक आपल्यापुरते शहाणपण करतो. चित्र मोठे आहे, कागद आखूड आहे, तेव्हा चित्र थोडे लहान करून बसवू, असे तो ठरवतो. याला फिट म्हणतात. तो कोणाला विचारत नाही आणि छापल्यावर सांगतही नाही.

२९७ मिलिमीटरचे चित्र २७९ मिलिमीटरमध्ये बसवायचे तर ते १०० चे ९४ करावे लागते. आता वहिनींच्या ब्लाऊजकडे या. ३६ चा चौथा भाग ९ इंच. पेपर कटिंगवर हा चौथा भागच असतो, कारण कापडाची घडी घालून कापतात. त्या ९ इंचाचे झाले साडेआठ इंच. एका तुकड्यात अर्धा इंच गेला. चार भागांत मिळून दोन इंच गेले. बगलेत दाब सोडलेला असेल, तर उसवून घेर थोडा वाढवता येईल. पण मुंडा, खांदा, उंची हे सगळेच आखडलेले आहे. ते कोठून वाढवणार?

बरे, लेटरसाठी आखलेले चित्र आपल्या ए-फोरवर बसवले तर? तेव्हा रुंदी कमी पडते आणि १०० चे ९७ होतात. ३६ चे ३५ होतात. आणखी एक गंमत आहे. दुकानात कोर्टाच्या कामाचा लांब कागद असतो. त्याला लीगल म्हणतात. तो साडेआठ इंच रुंद आणि १४ इंच लांब. त्यावर ए-फोरचे चित्र फिट करून छापले, तर ते उलट मोठे होते. १०० चे जवळजवळ १०३ होतात. ३६ चे ३७ होतात. तेव्हा माप नेहमी कमीच होते असे समजू नका.

कागद ए-फोर आणि चित्रही ए-फोरचे, तरीसुद्धा माप घटू शकते. छापण्याचे यंत्र कागदाच्या अगदी काठापर्यंत शाई लावू शकत नाही. चारी बाजूंना बोटाच्या अर्ध्या पेरापेक्षा कमी अशी कोरी जागा राहते. फिट लावलेले असेल, तर त्या कोऱ्या जागेच्या आत चित्र बसवण्यासाठी संगणक ते जरा लहान करतो. म्हणून दुकानदार म्हणाला, "कागद बरोबर लावलाय," तरी तेवढ्यावर विसंबू नये.

कागदाची ही नावे आणि मापे आली कोठून, हेही सांगतो. कारण त्यातूनच पुढची एक युक्ती निघते.

ए-फोरची घडी घालून मधोमध कापले की दोन ए-फाइव्ह होतात. दोन ए-फोर शेजारी शेजारी चिकटवले की एक ए-थ्री होतो. दरवेळी कागद निम्मा किंवा दुप्पट होतो, पण त्याचा आकार, म्हणजे रुंदी आणि उंची यांचे नाते, बदलत नाही. अशी घडी घालता येईल, असा कागद असावा, ही गोष्ट १७८६ साली लिख्टेनबर्ग नावाच्या एका जर्मन प्राध्यापकाने पत्रात लिहून ठेवली होती. पुढे १९२२ साली जर्मनीने त्यावरून कागदाची मापे पक्की केली. ते काम पोर्स्टमन नावाच्या गृहस्थांनी केले. भारताने ही मापे १९५७ साली स्वीकारली. त्याच साली १ एप्रिलला आपल्याकडे नवे पैसे सुरू झाले होते. आणे, शेर, मैल जाऊन मीटर आणि किलो येत होते, तो तो काळ. १९७५ साली जगभरच्या मानक संस्थेनेही हीच मापे घेतली. अमेरिका मात्र आपल्या लेटरवरच राहिली.

या मालिकेतला सर्वांत मोठा कागद ए-झिरो. त्याचे क्षेत्रफळ बरोबर एक चौरस मीटर. त्याचे निम्मे, पुन्हा निम्मे, असे चार वेळा केले की ए-फोर होतो. म्हणजे एका ए-झिरोतून १६ ए-फोर निघतात. कागदाच्या गठ्ठ्यावर ८० ग्रॅम असे छापलेले असते. ते एक चौरस मीटर कागदाचे वजन. त्याला १६ ने भागले की ५ ग्रॅम. एवढे एका ए-फोरचे वजन. ५०० कागदांचा गठ्ठा अडीच किलो भरतो. तराजू असेल तर घालून पाहा.

आकार एकच असल्यामुळे ए-फोरवरचे चित्र ए-थ्रीवर मोठे करताना काही तुटत नाही आणि काही रिकामे राहत नाही. झेरॉक्सच्या यंत्रावर १४१ लावले की ए-फोरचे ए-थ्री होते. ७१ लावले की ए-थ्रीचे ए-फोर. लेटरला हे जमत नाही. तो निम्मा केला की त्याचा आकारच बदलतो.

आता, माप बरोबर आले की नाही हे ओळखायचे कसे? चांगल्या पेपर कटिंगवर एका कोपऱ्यात चौकोन छापलेला असतो. त्याच्या शेजारी लिहिलेले असते, हा चौकोन इतके सेंटिमीटर किंवा इतके इंच आला पाहिजे. तो चौकोन शोभेसाठी नाही. तोच सगळ्यात महत्त्वाचा. दुकानातच, पैसे देण्याआधी, तो मोजा. मोजायला स्टीलची फूटपट्टी न्या. आपला शिवणाचा टेप जुना झाला की ताणून लांब होतो. घरी एकदा टेप आणि फूटपट्टी शेजारी ठेवून पाहा, म्हणजे तुमचा टेप किती खरा आहे ते कळेल.

चौकोन आडवा मोजा आणि उभाही मोजा. दोन्ही मापे सारखीच आली पाहिजेत. कधी कधी यंत्र चित्र एकाच बाजूने ताणते. मग चौकोन लांबट होतो. सावंतवाडीला चितार आळीत लाकडी खेळणी करतात आणि सावंतवाडीचीच गंजिफा प्रसिद्ध आहे. गंजिफा म्हणजे गोल पत्ते. दशावतारी गंजिफेत दहा रंग असतात आणि प्रत्येक रंगाचे बारा पत्ते, म्हणजे सगळे १२०. असा गोल पत्ता कागदावर छापला आणि कागद एका बाजूने ताणला गेला, तर तो अंड्यासारखा दिसेल. गोल चित्राची लबाडी डोळ्याला लगेच दिसते. ब्लाऊजच्या मुंड्याची दिसत नाही, कारण तो मुळातच वाकडा असतो.

चौकोन किती मोठा आहे, हेही पाहा. १०० चे ९४ झाले, तर १० सेंटिमीटरचा चौकोन ९ सेंटिमीटर ४ मिलिमीटर भरेल. सहा मिलिमीटर कमी. हे कोणालाही दिसेल. पण चौकोन एकच इंचाचा असेल, तर तो फक्त दीड मिलिमीटर कमी भरेल. फूटपट्टी जरा तिरकी धरली तरी तेवढा फरक पडतो. आम्हाला तर इंचाच्या चौकोनावर भरवसा ठेवणे मुळीच पसंत नाही. असा लहान चौकोन असेल, तर कटिंगवर ज्या लांब रेघेचे माप लिहिलेले आहे, अशी एखादी रेघ शोधा आणि तीही मोजा.

दुकानदाराला काय सांगायचे? "फिट करू नका, अॅक्चुअल साइज लावा," एवढे सांगा. किंवा "स्केल १०० टक्के ठेवा," असे सांगा. दुकानात रोज अर्ज, आधारकार्ड, सातबारा छापतात. तिथे थोडे लहानमोठे झाले तरी कोणाचे अडत नाही. त्यामुळे त्याला ही सवय नसते. तुम्ही सांगितले नाही तर तो फिटच करणार. आधी एकच कागद छापायला सांगा, ज्याच्यावर चौकोन आहे तो. मोजा. बरोबर असेल तरच बाकीचे छापा. एका कटिंगचे पंधरा-वीस कागदही असू शकतात. सगळे छापून मग चूक कळली, तर पैसे फुकट गेले.

अमेरिकेचे कटिंग आपल्या ए-फोरवर १०० टक्के छापले, तर रुंदीला काठाची रेघ थोडी तुटू शकते. पुष्कळ वेळा तुटते ती नुसती कोरी कड असते. पण खरी रेघ तुटली, तर तोच कागद ए-थ्रीवर छापून घ्यावा. दोन पैसे जास्त पडतील.

भाचीने पाठवलेली वस्तू मोबाइलवरचा फोटो असेल, तर गोष्ट वेगळी. फोटोला खरे माप नसतेच. तो पडद्यावर लहान दिसतो, कागदावर कागदाएवढा छापला जातो. त्याला १०० टक्के म्हणण्यात अर्थ नाही. तेव्हा भाचीला सांगा, फोटो पाठवू नको, मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठव. आणि फोटोच पाठवावा लागला, तर कागदाच्या शेजारी फूटपट्टी ठेवून, कागदावर मोबाइल अगदी सरळ धरून काढ. म्हणजे छापल्यावर फूटपट्टीचे १० सेंटिमीटर किती भरतात ते पाहता येते.

माप कमी आलेला कागद टाकून द्यावा लागतो का? तसे नाही. थोडे गणित आले तर तो सुधारता येतो. जितके हवे त्याला जितके आले त्याने भागा आणि उत्तराला १०० ने गुणा. १० सेंटिमीटर हवे, आले ९.४. दहाला ९.४ ने भागले की १.०६ येतात. त्याला १०० ने गुणले की १०६. झेरॉक्सवाल्याला १०६ लावायला सांगा. चित्र मोठे होणार, म्हणून कागद ए-थ्री लावा, नाहीतर काठ तुटेल. नव्या कागदावरचा चौकोन पुन्हा मोजा.

इथे एक फसगत होते. ९४ चे १०० करायला ६ वाढवले, १०६ झाले, म्हणजे जेवढे घटले तेवढे वाढवावे, असे वाटते. थोड्या फरकाला ते चालून जाते. पण ए-थ्रीचे ए-फोर झालेले चित्र घ्या. १०० चे ७१ झाले, २९ घटले. म्हणून १२९ लावले तर मूळ माप येत नाही. १४१ लावावे लागतात. भागाकारच खरा.

सगळ्याच कामांना इतकी काटेकोर मापे लागतात असे मात्र नाही. गणपतीच्या मखरासाठी कागदी फुलांची नक्षी छापली आणि ती थोडी लहान आली, तर काय बिघडले? सगळी फुले सारखीच लहान आली, मखर तेवढेच छान दिसते. रांगोळीच्या ठिपक्यांचेही तेच. जी वस्तू आपल्या जागी एकटीच राहायची आहे, तिचे माप थोडे चुकले तरी चालते. जी वस्तू दुसऱ्या कशात बसायची आहे, तिचे चालत नाही. ब्लाऊज अंगात बसायचा. झाकण डब्यावर बसायचे. लाकडी गाडीचे चाक आसात बसायचे. बाही मुंड्यात बसायची.

बाहीचे तर विशेष सांभाळा. समजा, ब्लाऊजचे पुढचे भाग तिठ्यावर छापले आणि बाहीचा कागद राहिला म्हणून दुसऱ्या दिवशी कणकवलीला छापला. एका दुकानात १०० टक्के आले, दुसऱ्या दुकानात ९६. बाहीची गोलाई मुंड्यापेक्षा आखूड झाली. आता ती ताणून लावली तर काखेत ओढ बसते, चुण्या पडतात. एका कटिंगचे सगळे कागद एकाच दुकानात, एकाच वेळी छापून घ्यावे.

कागद जोडतानाही थोडी हुशारी लागते. प्रत्येक कागदाच्या काठाला खुणा असतात, कोठे त्रिकोण, कोठे अक्षर. दोन कागदांपैकी एकाचीच कड रेघेवर कापा, दुसऱ्याची तशीच ठेवा, आणि कापलेली कड तिच्या रेघेवर चिकटवा. खळ नको. खळीच्या ओलाव्याने कागद फुगतो. कोरडी चिकटपट्टी बरी. एका जोडात एक मिलिमीटर सरकला तर चार जोडांत चार मिलिमीटर सरकतात, म्हणून मधल्या कागदापासून सुरुवात करून बाहेर जावे. सगळे जोडून झाले की एक लांब माप पुन्हा घ्या.

आपल्या कोकणातल्या पावसाचाही कागदावर परिणाम होतो. आषाढ-श्रावणात हवेत ओल असते. कागद ती शोषतो आणि थोडा वाढतो, तोही एका बाजूने जास्त. ब्लाऊजला एवढ्याने धोका नाही. पण जुना कागद आणि आज छापलेला कागद एकमेकांवर तंतोतंत बसले नाहीत, तर लगेच दुकानदाराशी भांडू नका.

आणि गावात वीज नसली, दुकान बंद असले तर? तेव्हा चौकटीची जुनी रीत आहेच. छोट्या चित्रावर सारख्या अंतराच्या उभ्या-आडव्या रेघा मारायच्या. खाकी कागदावर तेवढ्याच चौकटी मोठ्या मारायच्या. मग एकेका चौकटीत जे आहे ते पाहून उतरायचे. वेळ लागतो, पण या रीतीत कागद ए-फोर आहे की लेटर, याचा प्रश्नच येत नाही. ज्यांनी पूर्वी शिवणवर्ग केला आहे, त्यांना तर कागदही लागत नाही. त्या अंगात नीट बसणारा जुना ब्लाऊज उसवतात आणि त्याचेच तुकडे ठेवून नवा कापतात. खरे सांगायचे तर एका माणसाच्या एका ब्लाऊजसाठी हीच रीत सर्वांत खात्रीची. छापलेले कटिंग उपयोगी पडते ते नवी तऱ्हा शिकताना, किंवा एकाच मापाचे पुष्कळ कपडे शिवताना. शाळेच्या गणवेशाचे काम बचत गटाने घेतले असेल, तर एक बरोबर आलेला कागद शंभर कपड्यांना पुरतो. आणि एक चुकलेला कागद शंभर कपडे बिघडवतो.

म्हणून नवे कटिंग पहिल्यांदा चांगल्या कापडावर ठेवू नका. जुन्या धोतराच्या किंवा फाटक्या साडीच्या तुकड्यावर कापा, कच्चा टाका घाला, अंगाला लावून पाहा. बरोबर बसले की त्या कागदाच्या प्रत्येक तुकड्यावर पेनाने लिहून ठेवा: कोणाचे माप, कोणत्या तारखेला छापले, चौकोन किती भरला. कागदाची घडी घालू नका. घडीवर तो फाटतो आणि रेघ पुसते. वरच्या टोकाला भोक पाडून, सुतळीत ओवून, जिथे पागोळीचे पाणी उडत नाही अशा भिंतीला खिळ्यावर टांगून ठेवा.